मुंबईच्या उकाड्यात लोकरीची खुर्ची? तुम्ही विचारलेत म्हणून

माझ्या वाचनाच्या खुर्चीवर लोकरीचे कापड आहे हे कळले की घरी येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा विचारतो, "मुंबईत लोकर? यावर बसवते कसे?" परवा तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदा नीट उत्तर लिहिते.

लोकर म्हटली की आपल्याला अंगावर घ्यायचे घोंगडे आठवते. खुर्चीचे कापड मात्र आपण पांघरत नाही, त्याला टेकतो, आणि तिथे त्रास होतो तो मुख्यतः घामाचा. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही हाताला ओला लागत नाही आणि हवा कोरडी झाली की ते बाष्प सोडून देतो. मे महिन्यात रेक्झिनच्या खुर्चीवरून उठताना पाठीला चिकटलेला सदरा जसा सोलून काढावा लागतो, तसा प्रसंग या खुर्चीवर माझ्यावर आलेला नाही. अर्ध्या चड्डीत बसणाऱ्याच्या मांड्यांना ते जरा खरखरीत लागते, हे मात्र कबूल करते.

हे कापड हॅलिंगडाल या नावाने ओळखले जाते. डॅनिश डिझायनर नाना डिट्झेल यांनी १९६५ मध्ये ते रेखाटले, असे म्हणायची पद्धत आहे; पण त्यावर रेखाटण्याजोगी नक्षीच नाही, सारी करामत जाड सुतात आणि ठसठशीत विणीत आहे. त्यात ७० टक्के लोकर आणि ३० टक्के व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला चकचकीत तंतू) असून दोन्ही तंतू सूत कातण्याआधीच रंगवले जातात. लोकर रंग खोलवर मुरवून घेते, व्हिस्कोस उजेड परतवतो, आणि त्यामुळे माझी साधी विटकरी खुर्ची सकाळी एका रंगाची, तर दिव्याखाली दुसऱ्याच रंगाची दिसते. १९६८ मध्ये डेन्मार्कमधील एबेलटॉफ्ट येथे सुरू झालेली क्वाड्राट ही कंपनी ते आजही विकते. कापड घासून पाहण्याच्या मार्टिनडेल चाचणीत ते १,००,००० घासण्या सोसते. घरच्या सोफ्याला पंचवीस हजारसुद्धा पुष्कळ होतात. किंमत अर्थातच तशीच आहे, म्हणून सोफासेटच्या भानगडीत न पडता मी एकच खुर्ची मढवून घेतली.

खरा शत्रू उकाडा नसून कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, आहे. एका पावसाळ्यानंतर गादी उचलली, तर पाठीच्या आणि बैठकीच्या सांध्यात, जिथे हात कधी पोहोचत नाही, तिथे कापड चाळणीसारखे झालेले होते. दोष माझाच होता, कारण मी वरवरची धूळ झटकून समाधान मानत असे. जिथे रोज बसणे-उठणे होते, त्या बैठकीवर एकही भोक नव्हते. कारागिराने उरलेल्या तुकड्यातून तेवढा पट्टा बदलून दिला. तेव्हापासून दर पंधरवड्याला गादी काढून त्या सांध्यात व्हॅक्यूमची अरुंद नळी फिरवते आणि खुर्ची पश्चिमेच्या खिडकीपासून दूर ठेवते, कारण आपले ऊन लोकरीचा रंग उडवायला फार वेळ घेत नाही.