ओसाकाची २०१ मालिका: नवे अंग, जुना चॉपर

१९७३ च्या तेलसंकटानंतर जपानच्या राष्ट्रीय रेल्वेला वीज वाचवणारी लोकल हवी होती आणि त्या गरजेतून १९७९ साली २०१ मालिकेची पहिली प्रायोगिक गाडी टोकियोच्या चुओ मार्गावर धावू लागली. त्याआधीची १०३ मालिका साडेतीन हजारांच्या जवळपास डब्यांची होती, दणकट होती, पण तिच्या मोटारींचा वेग वाढवताना जादा वीज डब्याखालच्या प्रतिरोधकांमध्ये उष्णता होऊन वाया जात असे. २०१ मध्ये त्याऐवजी थायरिस्टर (प्रवाह झटपट चालू-बंद करणारा अर्धवाहक घटक) वापरणारा चॉपर बसवला गेला. तो विद्युतप्रवाह सेकंदाला शेकडो वेळा तोडून-जोडून मोटारीला हवी तेवढीच वीज देतो. शिवाय ब्रेक लावताना मोटारी जनित्राचे काम करतात आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत जाऊन त्याच मार्गावरच्या दुसऱ्या गाडीच्या कामी येते. गाडी १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालणारी होती. १९२५ साली मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला धावलेल्या पहिल्या विजेच्या गाडीचा विद्युतदाबही तोच होता, त्यामुळे मुंबईकर वाचकाला हे गणित परके वाटू नये.

या मालिकेचे एकूण १,०१८ डबे बांधले गेले. चॉपरची यंत्रणा मात्र फार महाग होती आणि तोट्यात बुडालेल्या राष्ट्रीय रेल्वेला ती पुढे परवडली नाही, म्हणून १९८५ साली आलेल्या २०५ मालिकेत नियंत्रणाची स्वस्त पद्धत आणि स्टेनलेस स्टीलचा हलका डबा स्वीकारण्यात आला. २०१ चे अंग साध्या पोलादाचे, रंग दिलेले होते.

१९८७ साली राष्ट्रीय रेल्वेचे प्रदेशवार कंपन्यांत विभाजन झाले; मला सर्वाधिक ओढ आहे ती त्यांपैकी पश्चिम जपान रेल्वेच्या वाट्याला आलेल्या सात डब्यांच्या ३२ गाड्यांची. १९८३ पासून या आकाशी रंगाच्या गाड्या क्योतो, ओसाका आणि कोबे यांना जोडणाऱ्या मार्गावर थांबत थांबत जात असत. वीस वर्षांनी त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. पूर्व जपान रेल्वेने टोकियोत नव्या, हलक्या गाड्या बांधून जुन्या मोडीत काढण्याचे धोरण धरले होते आणि तिथल्या चुओ मार्गावरून २०१ मालिका २०१० च्या ऑक्टोबरमध्ये कायमची उतरली. टोकियोइतके उत्पन्न नसलेल्या पश्चिम जपान रेल्वेने मात्र २००३ पासून आपल्या २०१ गाड्यांचे सखोल नूतनीकरण हाती घेतले.

या कामाचे मर्म खिडकीपाशी उमगते. पोलादी डब्याला गंज लागतो तो बहुधा पाणी साचणाऱ्या सांध्यांत, आणि मूळच्या दुहेरी सरकत्या खिडक्यांभोवती असे सांधे पुष्कळ होते. म्हणून खालची काच मोठी व पक्की बसवली, फक्त वरचा भाग उघडता ठेवला आणि भोवती गडद, जाड चौकट आली. दार सरकून जिथे आत शिरते तिथली छोटी खिडकी तर पत्र्याने बंदच केली. आत भिंतींचे पत्रे आणि आसने बदलली. ओसाकातील वास्तव्यात, पुढे नारिंगी रंगवलेल्या अशा गाडीत बसल्यावर मला डोळ्यांपुढे नवा डबा दिसे आणि गाडी सुटताना पायाखालून मात्र चॉपरचा तोच जुना, एकसुरी घुमारा ऐकू येई. हा विरोधाभास मला आजही फार मोलाचा वाटतो, कारण कारागिरांनी कशाला हात लावला आणि कशाला लावला नाही, ते त्यातून कानांनाच कळत असे.

२००५ पासून नव्या ३२१ मालिकेमुळे या गाड्या मूळ मार्गावरून हलल्या आणि ओसाकाच्या वर्तुळाकार मार्गावर नारिंगी, तर नाराकडे जाणाऱ्या यामातोजी मार्गावर हिरव्या रंगात धावू लागल्या. वर्तुळाकार मार्गावर पुढे तीन दारांच्या ३२३ मालिकेने जम बसवला आणि चार दारांच्या २०१ ने तिथून जून २०१९ मध्ये निरोप घेतला. नव्याने बांधल्यापासून तीस वर्षांचे आयुष्य धरून केलेले हे नूतनीकरण होते. हिरव्या गाड्यांनी मात्र चाळिशी गाठली.

अखेरीस त्यांना अडवले ते गंजाने नव्हे. त्या जुन्या चॉपरचे थायरिस्टर आणि भोवतालचे विद्युत भाग मिळणे अवघड होत गेले, त्यामुळे सुट्या भागांची चणचण वाढत गेली. पूर्व जपान रेल्वेने मुसाशिनो मार्गासाठी २०५ मालिकेच्या गाड्यांना नव्या मोटारी आणि इन्व्हर्टर (एकदिश प्रवाहाचा प्रत्यावर्ती प्रवाह करून मोटारी चालवणारी नवी यंत्रणा) बसवून दाखवले होते, तेव्हा ओसाकातही हे शक्य होते, असे कुणी म्हणेल. मला मात्र पश्चिम जपान रेल्वेचा हिशेब पटतो: चॉपर मुळातच वीज वाचवणारा होता, तो बदलून होणारी जादा बचत थोडी होती, आणि हाती असलेला पैसा रोज उभ्याने प्रवास करणाऱ्या माणसाच्या खिडकीवर, आसनावर आणि डब्याच्या न गंजणाऱ्या सांध्यांवर खर्च झाला.