तुम्ही विचारलंत म्हणून: जंतूंचा भोंगा अजून का नाही?

जैविक हल्ला ओळखणाऱ्या सेन्सरांवर मी काम करते हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "धूर झाला की स्मोक डिटेक्टर लगेच वाजतो. मग हवेत घातक जंतू आले की वाजणारं यंत्र का नाही?"

यंत्र आहे, आणि ते वाजतंही. पण त्याच्या शब्दावर अख्खा विमानतळ रिकामा करावा, इतका भरवसा अजून ठेवता येत नाही. आमची बहुतेक मेहनत त्या भरवशासाठीच चालते.

झटपट सेन्सरात पंखा हवा आत ओढतो आणि एकेक कण अतिनील किरणांच्या झोतासमोरून जातो. जिवाणूंच्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल असतं. २८० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश पडला की ते क्षणभर चमकतं. ती चमक आणि कणाचा आकार टिपायला सेकंदसुद्धा लागत नाही. पण परागकण चमकतात, बुरशीचे बीजाणू चमकतात, काजळीतले काही घटकही चमकतात. त्यामुळे हवेत काहीतरी वाढलंय, इतकंच कळतं. जंतू नेमका कोणता, ते पीसीआरनं, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढून तो ओळखणाऱ्या चाचणीनं, तपासल्यावरच ठरतं. आणि तिथेही गाठ निसर्गाशीच असते. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराच्या हवेत टुलरेमिया या आजाराच्या जंतूचा डीएनए सापडला, पण हल्ला वगैरे काही झालेला नव्हता. असे जंतू आणि त्यांचे भाऊबंद मातीपाण्यात मुळातच असतात.

आता हिशोब करून बघा. समजा, एक सेन्सर हजार तपासण्यांत एकदाच चुकतो. ऐकायला उत्तम. शहरात असे शंभर सेन्सर बसवले आणि प्रत्येकानं दर तासाला तपासणी केली, तर दिवसाला २४०० तपासण्या होतात, म्हणजे रोज दोन-तीन खोटे इशारे. आठवडाभरात कुणी त्यांच्याकडे ढुंकूनही बघणार नाही, आणि मला खरी भीती त्याचीच वाटते.

अमेरिकेनं २००३ मध्ये बायोवॉच ही हवेतले घातक जंतू शोधणारी योजना सुरू केली ती २००१ मध्ये टपालानं आलेल्या, अँथ्रॅक्सच्या जंतूंची भुकटी भरलेल्या पत्रांनंतर. त्या पत्रांनी ५ जणांचा जीव घेतला, आणखी १७ जण आजारी पडले. बायोवॉचमध्ये हवा फिल्टरमधून ओढतात, माणूस जाऊन तो फिल्टर काढून आणतो आणि प्रयोगशाळेत तपासणी होते. उत्तर हाती यायला १२ ते ३६ तास. हे सगळं जागच्या जागी आपोआप करणारी पुढची पिढी आणायचा बेत होता, तो २०१४ मध्ये गुंडाळला गेला. लोक याला नुसतं अपयश म्हणतात, ते मला पटत नाही. अँथ्रॅक्सची लक्षणं दिसायला साधारणपणे काही दिवस जातात, त्याआधी प्रतिजैविकं सुरू झाली तर जीव वाचतात. त्यामुळे दीड दिवसानं मिळालेलं खात्रीचं उत्तरही मोलाचं असतं.

जागा आवळली की यंत्र फार चांगलं काम करतं. अमेरिकेच्या टपाल केंद्रांत पत्रं यंत्राच्या पट्ट्यांमध्ये दाबली जातात. पाकिटात भुकटी असेल तर ती तिथेच बाहेर उडते, म्हणून हवा नेमकी तिथूनच ओढतात आणि पीसीआरची तपासणी जागेवरच होते. धोका कुठून येणार हे ठाऊक आहे आणि शोधायचं काय तेही ठरलेलं आहे. उघड्या चौकात यातलं काहीच हाती नसतं.

म्हणून "शहरभर भोंगे कधी?" याला माझं उत्तर असं, की तो हट्ट आधी सोडूया. भुयारी रेल्वे, टपाल, मोठ्या इमारतींची हवा खेळवणारी यंत्रणा, इथे स्वस्त झटपट सेन्सर लावावेत. त्यांनी इशारा दिला की लोकांना बाहेर काढायचं नाही. फक्त पंखे थांबवायचे, नमुना घ्यायचा आणि पीसीआरला पाठवायचा. इशारा खोटा निघाला तरी कुणाचं फारसं बिघडत नाही. आणि यातला काही पैसा दवाखान्यांतल्या प्रयोगशाळांना मिळायला हवा, असं मी प्रत्येक बैठकीत सांगते. २००१ मध्ये पहिला रुग्ण कुठल्याही सेन्सरनं पकडला नव्हता. फ्लोरिडातल्या एका डॉक्टरांनी त्याच्या मणक्यातलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि त्यातले जंतू बघून त्यांना अँथ्रॅक्सची शंका आली.