टोयोटा ८६ : १७×९ रिम आणि २४५ चे टायर, मोजमापापासून अलाइनमेंटपर्यंत

गाडी पहिल्या पिढीची टोयोटा ८६. कंपनीचा सेट असा : १७×७ रिम (व्यास × रुंदी, इंचात), ऑफसेट +४८ (याचा अर्थ पुढे येतो), पीसीडी ५×१०० (१०० मिमीच्या वर्तुळावर पाच स्टड), सेंटर बोअर (रिमचं मधलं भोक) ५६.१ मिमी, स्टड एम१२×१.२५, टायर २१५/४५ आर१७ (रुंदी २१५ मिमी, साइडवॉलची उंची तिच्या ४५ टक्के, १७ इंची रिमसाठी). सस्पेन्शन : पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक यांचा एकच उभा खांब), मागे डबल विशबोन (चाकाला धरणारे वर-खाली दोन हात). सुबारू बीआरझेडची मापंही हीच, त्यामुळे खालचा हिशेब तिलाही जसाच्या तसा लागू होतो.

ठरलेला सेट : चारही चाकांना १७×९, ऑफसेट +४२, टायर २४५/४० आर१७. बसवणं आणि पहिलं अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन लावणं, झालं आहे. पुढच्या फेंडरच्या कडेची आत वळलेली पत्र्याची दुमड रोल करून, म्हणजे रोलरने वर दाबून झाली, मागची सध्या तशीच ठेवली आहे.

आधी रबर, मग रुंदी

या गाडीत बऱ्याच बाजारांत कंपनीकडूनच मिशेलिन प्रायमसी एचपी येत असे, म्हणजे आरामाचा टूरिंग टायर. कमी वेगातही मागची बाजू सरकावी, चालवण्यात मजा यावी, म्हणून केलेली ही निवड होती. त्यामुळे ‘पकड कमी पडते’ हीच तक्रार असेल, तर ७ इंची रिमवर त्याच २१५ मापाचा चांगला समर टायर आधी चढवा. पकडीतला सर्वांत मोठा फरक तिथेच मिळतो आणि बाकी काहीही बदलावं लागत नाही. टूरिंग रबराचा २४५ घेण्यापेक्षा ट्रेडवेअर २०० च्या वर्गातला २१५ केव्हाही बरा (ट्रेडवेअर हा झिजेचा आकडा; कमी म्हणजे साधारणपणे जास्त पकडीचं रबर).

मग रुंदी कशासाठी? वजन तेवढंच आणि हवा तेवढीच असेल, तर रस्त्याला टेकणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ रुंद टायरने फारसं वाढत नाही. बदलतो तो आकार : लांबी कमी होते, रुंदी वाढते. वळणात बाहेरच्या चाकावर भार वाढत जातो, तसा टायरचा घर्षणांक कमी होत जातो. रुंद टायरमध्ये ही घसरण सौम्य असते. उष्णताही जास्त रबरावर पसरते, म्हणून ट्रॅकवर लागोपाठ लॅप मारताना टायर लवकर ‘वितळल्यासारखा’ होत नाही. खरा फायदा हा आहे. फक्त रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला तो क्वचितच जाणवतो.

तोटेही मांडले पाहिजेत. साठलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो, थंडीत गरम व्हायला वेळ लावतो, स्टिअरिंग जड होतं आणि वजन वाढतं. ट्रेडजवळ वाढलेला एक किलो प्रवेग घेताना जवळपास दोन किलोइतका जाणवतो, कारण तो पुढेही न्यायचा असतो आणि फिरवायचाही असतो. साधारण १२५० किलोच्या आणि २०० अश्वशक्तीच्या गाडीत हे सरळ रस्त्यावर लगेच कळतं.

व्यास : १७ च का

मूळ टायरचा व्यास ६२५ मिमी. २४५/४० आर१७ चा ६२८, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. २२५/४५ आर१७ घेतला तर ६३४, दीड टक्क्याच्या आत. २२५/४० आर१८ चा ६३७, म्हणजे जवळपास दोन टक्के जास्त. तेवढं गिअरिंग लांब होतं आणि स्पीडोमीटर खऱ्या वेगाच्या मानाने तितका कमी दाखवतो. २३५/४० आर१८ चा ६४५. फरक तीन टक्क्यांवर गेला की पुढच्या लायनरशी (फेंडरच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर) आणि स्प्रिंगच्या खालच्या वाटीशी भांडण सुरू होतं.

१८ इंची रिम दिसायला भरदार असते, पण धातू मध्यापासून लांब जातो, साइडवॉल कमी होते आणि खड्ड्यात रिम वाकण्याची शक्यता वाढते. मोठे ब्रेक बसवायचे नसतील, तर या गाडीला १८ ची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मागे रुंद आणि पुढे अरुंद हा पर्यायही बाद केला. मागे टॉर्सन डिफरन्शियल (जास्त पकड असलेल्या चाकाकडे जास्त जोर देणारं) असल्याने पकड आधीच चांगली वापरली जाते. मागे आणखी रबर दिलं की गाडी वळणात नाकाने बाहेर जाऊ लागते. शिवाय चारही चाकं एकसारखी असली की टायर पुढेमागे बदलून झीज समान ठेवता येते आणि एबीएस, स्टॅबिलिटी कंट्रोलला सगळ्या चाकांचा घेर एकच मिळतो.

रिमची रुंदी

२४५/४० आर१७ ला ८ ते ९.५ इंच रिम मान्य आहे आणि टायरची छापील रुंदी ८.५ इंची रिमवर मोजलेली असते. रिम अर्ध्या इंचाने बदलली की टायरची रुंदी साधारण ५ मिमीने बदलते. ८ वर हा टायर चढतो, पण साइडवॉल बाहेर फुगते, वळणात खांदा दुमडतो आणि स्टिअरिंगचा प्रतिसाद सैल पडतो. ९ वर साइडवॉल उभी राहते. म्हणून अरुंद रिमवर रुंद टायर कोंबण्यापेक्षा रुंद रिमवर एक माप लहान टायर घ्यावा. ९ वर २३५/४० हाही उत्तम जोड आहे. व्यास ६२० मिमी भरतो, म्हणजे गिअरिंग किंचित आखूड होतं.

ऑफसेटचा हिशेब

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश मांडतो. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर. प्लस असेल तर तो पृष्ठभाग बाहेरच्या बाजूला असतो. आतली पोच = अर्धी रुंदी + ऑफसेट. बाहेरची पोच = अर्धी रुंदी − ऑफसेट.

जुनी रिम : ७ इंच म्हणजे १७७.८ मिमी, अर्धी ८८.९. आत १३६.९, बाहेर ४०.९. नवी : ९ इंच म्हणजे २२८.६, अर्धी ११४.३. आत १५६.३, बाहेर ७२.३. म्हणजे रिम आत १९.४ मिमी आणि बाहेर ३१.४ मिमी सरकली.

पण घासतो तो टायर, रिम नव्हे. २१५ चा टायर ७ इंची रिमवर साधारण २१३ मिमी भरतो. २४५ चा ९ इंचीवर साधारण २५३. त्याच सूत्राने टायर आत १४ मिमी आणि बाहेर २६ मिमी सरकतो. रिमच्या आकड्यांवर निर्णय घेतला तर आतली अडचण उगाच मोठी वाटते. टायरच्या आकड्यांवर घेतला तर खरी अडचण बाहेरच्या बाजूला आहे हे लगेच दिसतं. मात्र एकाच छापील मापाच्या दोन कंपन्यांच्या टायरमध्ये खांद्याचा आकार बराच वेगळा असतो. चौकोनी खांद्याचा टायर फेंडरला लागतो, गोल खांद्याचा त्याच जागेतून सुटतो. घेण्याआधी उत्पादकाच्या तक्त्यातली प्रत्यक्ष सेक्शन रुंदी आणि मोजलेली रिम पाहा.

काहीही न कापता, न वाकवता बसवायचं असेल त्यांच्यासाठी : १७×८, +४५, टायर २२५/४५. टायर आत ५.५ आणि बाहेर ११.५ मिमी सरकतो. रस्त्यासाठी मी हाच सुचवेन.

ऑफसेट ४८ वरून ४२ वर आला म्हणजे चाकाची मध्यरेषा ६ मिमी बाहेर गेली आणि स्क्रब रेडियसही (चाक ज्या अक्षाभोवती वळतो तो जमिनीला जिथे टेकतो, तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर) तेवढाच बदलला. ६ मिमी चालून जातात. २०–२५ मिमी झाले, तर रस्त्यातल्या चरांमागे स्टिअरिंग ओढलं जातं आणि ब्रेक मारताना धक्के हातात येतात. म्हणून फक्त दिसण्यासाठी कमी ऑफसेट घेऊ नका.

जागा प्रत्यक्ष मोजणं

पुढच्या स्ट्रटमधून स्प्रिंग काढा, बंपस्टॉपसह (चालीच्या शेवटी लागणारा मऊ ठोकळा) स्ट्रट परत बसवा, अँटिरोल बारची (दोन्ही चाकं जोडून गाडीचा कल कमी करणारा दांडा) लिंक सोडा. गाडी जॅक स्टँडवर पक्की ठेवून नकलवर (चाकाचा हब धरणारा भाग) दुसऱ्या जॅकने हळूहळू दाब द्या, म्हणजे सस्पेन्शनची पूर्ण चाल हाताने तपासता येते. प्रत्येक उंचीला स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. जुन्या चाकावर स्ट्रट आणि टायर यांच्यातली सर्वांत कमी फट नोंदवा. ती १९ मिमी किंवा जास्त असेल, तर १४ वजा जाता ५ उरतात आणि तेवढं पुरेसं आहे. फट मोजायला पट्टी आत जात नाही. ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा सरकवून पाहणं सोपं पडतं. वाकडीतिकडी जागा असेल तिथे खेळण्यातली माती चिकटवा, चाक फिरवा आणि दबलेल्या मातीची जाडी मोजा.

ब्रेक कॅलिपर आणि स्पोक यांच्यात किमान ३ मिमी ठेवा, आणि हे माप नवे पॅड असताना घ्या. फ्लोटिंग कॅलिपरची बाहेरची बोटं नव्या जाड पॅडमुळे आणखी बाहेर येतात. झिजलेल्या पॅडवर सुटलेली रिम पॅड बदलल्यावर कॅलिपरला लागू शकते.

कॅम्बर कुठून घ्यायचा

बाहेर वाढलेल्या २६ मिमीची भरपाई पुढे कॅम्बरने, म्हणजे समोरून दिसणाऱ्या चाकाच्या कलाने होते; निगेटिव्ह म्हणजे वरची बाजू आत. निगेटिव्ह कॅम्बरच्या प्रत्येक अंशामागे टायरचा वरचा भाग चाकाच्या मध्याच्या मानाने साधारण साडेपाच मिमी आत जातो. अडीच अंशांत जवळपास १४ मिमी.

पण तो कशाने घेता हे महत्त्वाचं आहे. कॅम्बर बोल्ट नकलला स्ट्रटच्या मानाने कलवतो, त्यामुळे टायरचा वरचा खांदा स्ट्रटच्या जवळ जातो आणि आतली कष्टाने वाचवलेली फट संपते. कॅम्बर प्लेट स्ट्रटचं वरचं टोकच आत सरकवते. स्ट्रट आणि टायर एकत्र कलतात, आतली फट तशीच राहते. रुंद टायरसाठी म्हणून प्लेटच घ्यायच्या. बोल्ट आधीच लावलेले असतील, तर ते शून्यावर आणून मग प्लेटवर कॅम्बर द्या.

मागे चाक वर गेलं की डबल विशबोनमुळे कॅम्बर आपोआप वाढतो आणि टायर आत दबतो. पुढच्या मॅकफर्सनमध्ये ही वाढ फारच कमी असते. बाहेरून पुढचा टायर आधी घासतो, मागचा नंतर, त्याचं कारण हे.

फेंडरची दुमड

दुमड रोल करताना रंग हीटगनने साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंत गरम ठेवा. रोलर एकाच फेरीत पूर्ण दाबू नका. थोडा दाब, पूर्ण कमान, पुन्हा थोडा दाब. थंड रंगाला बारीक तडे जातात, त्यातून पाणी शिरतं आणि गंज आतून वाढतो. मागच्या दुमडीत दोन पत्र्यांमधला सीलंट फाटतो, तो काम झाल्यावर नव्याने भरावा. बंपर आणि फेंडर जुळतात तिथले स्क्रू आणि प्लास्टिकची जीभ बघायला विसरू नका. पत्र्याआधी टायर तिथे कापला जातो.

बसवणं

बाजारातल्या बऱ्याच रिमचा सेंटर बोअर ७३.१ मिमी असतो. ५६.१ ची रिंग घालूनच बसवा, नाहीतर चाक मध्यावर येत नाही आणि बॅलन्सिंग करूनही कंप राहतो. नट ६० अंशांच्या शंकूचे, धागा १.२५ चा. किमान १२ मिमी धागा पकडला पाहिजे, म्हणजे जवळपास १० फेरे. ५ मिमीचा स्पेसर घातला तर फेरे मोजून पाहा; कमी भरले तर लांब स्टड घ्या, तडजोड करू नका. हबच्या टेकण्याच्या पृष्ठभागावरचा गंज ब्रशने काढा. टॉर्क १२० न्यूटन-मीटर, तिरक्या क्रमाने, आणि १०० किमीच्या आत पुन्हा तपासणी.

रिमवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयएचे (जपानी रिम-चाचणीचे) शिक्के आणि भारक्षमता पाहा. एका रिमची क्षमता त्या अ‍ॅक्सलच्या कमाल भाराच्या निम्म्याहून कमी असता कामा नये. टायरचा लोड इंडेक्स मूळ ८७ (५४५ किलो), नव्याचा ९१ (६१५ किलो), म्हणजे तिथे प्रश्न नाही.

अलाइनमेंट आणि हवा

सुरुवातीची मापं : पुढे कॅम्बर −२.५, टो (वरून पाहता चाकांची पुढची टोकं आत की बाहेर वळलेली) शून्य. मागे कॅम्बर −१.८ च्या आसपास, टो एकूण ०.१५ अंश आत. कॅम्बर बदलला की टोही बदलतो, म्हणून टो शेवटी. मागे टो बाहेर गेला तर गाडी ब्रेक मारताना शेपूट हलवते, तेव्हा तिथे शून्यापेक्षा थोडं आतच बरं.

थंड हवा दारावरच्या स्टिकरपेक्षा २ पीएसआय कमी ठेवून सुरू केलं. मोठ्या लोड इंडेक्सच्या टायरला त्याच वजनासाठी कमी हवा पुरते. ट्रॅकवरून आल्याबरोबर सुईच्या थर्मामीटरने आतली कड, मध्य, बाहेरची कड असं तापमान घ्या. मध्य सर्वांत गरम असेल तर हवा जास्त आहे. आतली कड बाहेरच्यापेक्षा ५ ते ८ अंशांनी गरम असेल तर कॅम्बर योग्य. बाहेरची जास्त गरम असेल तर कॅम्बर कमी पडतो आहे.

उरलेलं काम

मागच्या दुमडीच्या आत मास्किंग टेपच्या पट्ट्या लावून मागच्या सीटवर आणि डिकीत वजन ठेवून चाचणी घ्यायची आहे. टेप फाटली तरच मागे रोलर लावायचा. पुढच्या लायनरवर पूर्ण लॉकला, रिव्हर्समध्ये, एक चकचकीत घासलेली पट्टी दिसते. तिथली क्लिप काढून लायनर हीटगनने मऊ करून साधारण १० मिमी मागे दाबणार. छिद्र पाडणार नाही, कारण त्यामागे वायरिंगचा जुडगा जातो.