तेहरानच्या आरशापुढे उभं राहू नका

इस्फहानचा चौक, यझ्दच्या मातीच्या गल्ल्या, पर्सेपोलिसचं ऊन हे सगळं झालं, छान झालं. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते तेहरानमधल्या नेगारिस्तान बागेतल्या छोट्याशा संग्रहालयाबद्दल आणि तिथे भेटलेल्या एका आजोबांबद्दल.

चित्रप्रदर्शनं मांडणं हे माझं पोटापाण्याचं काम. कुठलं चित्र कुणाच्या शेजारी, दिवा किती वर, भिंतीवर मजकूर किती, हे ठरवण्यात माझं अर्धं आयुष्य जातं. त्यामुळे परदेशात गेले की मी आधी चित्राशेजारची पाटी वाचते. इराणी कलाकारांच्या बाबतीत तर या पाट्यांनी मला गेली काही वर्षं सतत चिडवलंय. युरोपातल्या एका दालनात (नाव घेत नाही) इराणी फोटोंचं प्रदर्शन पाहिलं होतं. एकूण एक पाटी बंदीबद्दल. काय करायला मनाई, काय दाखवायला मनाई, कोण तुरुंगात. यातलं खोटं काहीच नव्हतं. पण फोटोत काय आहे, रंग असाच का, कॅमेरा इतक्या खाली का, याबद्दल एक अक्षर नाही. माणसं पाटी वाचायची, मान हलवायची आणि फोटोकडे न बघता पुढच्या पाटीकडे जायची.

म्हणून 2024 मध्ये इराणने भारतीय पर्यटकांसाठी व्हिसाची अट काढली तेव्हा मी ठरवलं की ही चित्रं त्यांच्या घरी जाऊन बघायची. सोबत आत्या. ती सांगलीला शाळेत चित्रकला शिकवायची, आता निवृत्त आहे. गुडघे दुखतात, पण चित्रं बघायची म्हटलं की सगळ्यांच्या आधी तयार. आपली कार्डं तिथे कुठेही चालत नाहीत, म्हणून सगळ्या प्रवासाचे पैसे रोख न्यावे लागले. फिर्दौसी चौकाजवळ ते बदलल्यावर नोटांची अशी थप्पी हातात आली की आत्याने पर्स पोटाशी धरली ती परत येईपर्यंत. डोक्यावरची ओढणी मला शेवटपर्यंत जाचली. ती नाही घेतली तर चालत नाही, कायदाच आहे. रस्त्यावर कितीतरी तरुण मुली मात्र मोकळ्या केसांनी फिरत होत्या. त्या काय पणाला लावतात हे कळत होतं, त्यामुळे आमच्या ओढणीची तक्रार मी मनातच ठेवली.

आधी समकालीन कला संग्रहालय. लाले पार्कला लागून आहे. 1977 मध्ये उघडलं, वास्तुकार कामरान दिबा. छतावर वाळवंटातल्या वारा पकडणाऱ्या मनोऱ्यांसारखे आकार आहेत आणि आत गोल उतार तुम्हाला हळूहळू जमिनीखाली नेतो. तळाशी नोरियुकी हारागुची या जपानी कलाकाराचा खनिज तेलाने भरलेला चौकोनी हौद आहे. काळं, स्थिर तेल, आणि त्यात अख्खी इमारत उलटी दिसते. या संग्रहालयाबद्दल जगभर एकच गोष्ट लिहिली जाते: तळघरात पोलॉक, बेकन, वॉरहोल अशा नामवंत पाश्चात्त्य चित्रकारांची कामं आहेत, 1979 च्या क्रांतीनंतर ते सगळं कसं दडून राहिलं, किंमत किती. 2016 मध्ये इथली 60 चित्रं बर्लिनला जायची होती, निम्मी पाश्चात्त्य आणि निम्मी इराणी. देशाबाहेर न्यायची परवानगी मिळेना, म्हणून डिसेंबरमध्ये तो बेत रद्द झाला. त्या वेळच्या बातम्या मी अधाशासारख्या वाचल्या होत्या. पोलॉक दिसणार नाही याची हळहळ सगळीकडे होती. ज्या तीसेक इराणी चित्रांना बर्लिनचं दार उघडता उघडता राहिलं, त्यांची नावं शोधताना माझी दमछाक झाली. याचा मला अजूनही राग आहे.

शुक्रवार तिथे सुट्टीचा वार, आणि नवी प्रदर्शनं उघडतात ती शुक्रवारीच, दुपार कलल्यावर. तरुण पोरं या गॅलरीतून त्या गॅलरीत टॅक्सी करून फिरतात. एका तळघरातल्या गॅलरीत आम्ही शिरलो तर पाय ठेवायला जागा नाही. गर्दीचा मला त्रास होतो, पण ही गर्दी चित्रांकडे तोंड करून उभी होती, त्यामुळे तिच्यात शिरावंसं वाटलं. भिंतीवर मजकूर नव्हता. चित्राखाली फक्त आकडा, आणि दाराशी ठेवलेल्या कागदावर नाव, माप, किंमत. एका मोठ्या कॅनव्हासवर तेहरानच्या गच्चीवरचा पाण्याचा कूलर होता. पत्र्याला गंज चढलेला, खाली ओल उतरलेली, मागे धुरकट डोंगर. बस, एवढंच. एक मुलगी त्या ओलीच्या डागाकडे बोट दाखवून मैत्रिणीला काहीतरी सांगत होती आणि दोघी हसत होत्या. त्यांच्याही गच्चीवर तोच डाग असणार. मी तिथे उभी राहून विचार करत होते की हे चित्र परदेशातल्या इराणी प्रदर्शनात कधी निवडलं जाईल का? त्यात चादर (इराणी बायकांचं डोक्यापासून पायापर्यंत पांघरायचं वस्त्र) नाही, बंदूक नाही, फारसी अक्षरं नाहीत. निवड करणारा म्हणेल, यात इराण कुठाय?

या प्रश्नालाच आव्हान देणारे क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनासाठी कामं निवडणारे, नाहीत असं नाही. फेरेश्तेह दफ्तरी यांनी 2006 मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कला संग्रहालयात जे प्रदर्शन मांडलं, त्यात ‘इस्लामी कला’ हे लेबल या कलाकारांना लागू तरी पडतं का, हाच मुद्दा होता. 2017 मध्ये टोरांटोच्या आगा खान म्युझियममध्ये त्यांनी इराणी समकालीन कला मांडली तीही बंडखोर, विदूषक, गूढवादी आणि कवी अशा चार सुरांत. माझ्या मते बाहेरच्यांना इराणी कला दाखवण्याची याहून शहाणी रीत क्वचितच कुणी काढली असेल, कारण एकदा विदूषकाला जागा दिली की बघणाऱ्याला हसायची परवानगी मिळते.

करीमखान झंद रस्त्यावरच्या पुस्तकांच्या दुकानात आत्या एका फोटोंच्या पुस्तकापाशी अडकली. शादी गदिरियान यांची 2000 च्या सुमाराची मालिका. प्रत्येक फोटोत चादर पांघरलेली एक आकृती, आणि चेहऱ्याच्या जागी घरातली वस्तू: किसणी, इस्त्री, झाडू, चाळणी, रबरी हातमोजा. त्या युरोपातल्या दालनात यातलाच एक फोटो होता आणि पाटी अर्थातच चादरीच्या जुलमाबद्दल होती.

आत्याने चष्मा वर केला. “अगं, हे तर रुखवत आहे!”

“म्हणजे?”

“लग्नात मांडतात ना, तसं. आणि कापड बघ की. फुलाफुलांचं, घरात वापरायचं. बाहेर जायचं काळं नाही हे. ही बाई घरात आहे, नवं लग्न झालंय.”

खरं तेच आहे. गदिरियान यांचं नुकतंच लग्न झालं होतं आणि आहेरात आलेल्या घरगुती वस्तूंवरून त्यांना ही मालिका सुचली, हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. ज्या बाईने लग्नात किसण्या-चाळण्या मिळालेल्या पाहिल्यात तिला हे सांगावं लागत नाही. त्या फोटोत जाच नाही असं मी म्हणत नाही, पुष्कळ आहे. पण तो सांगलीतही आहे आणि लिस्बनमध्येही असेल. पाटीने तो एका देशावर ढकलून बाकी सगळ्या बायकांना मोकळं केलं होतं.

आता नेगारिस्तान. बहारिस्तान चौकाजवळची ही काजार राजघराण्याच्या काळातली बाग. फत्तेअली शाहचा राजवाडा इथे होता, पुढे कमाल-उल-मुल्क या चित्रकाराने इथेच कलाशाळा चालवली. आज सगळं तेहरान विद्यापीठाकडे आहे. बागेतच मुनीर शाहरूदी फर्मानफर्माइयान यांचं संग्रहालय आहे, 2017 मध्ये उघडलेलं. एकाच स्त्री कलाकाराला वाहिलेलं इराणमधलं हे पहिलं. कामं त्यांनी स्वतःच दिली. मुनीर काझवीनच्या. तरुणपणी न्यूयॉर्कला गेल्या, तिथे जाहिरातींची चित्रं काढली, वॉरहोलशी ओळख झाली. परतल्या, 1979 च्या क्रांतीत घरदार आणि जमवलेल्या वस्तू गेल्या, पुन्हा न्यूयॉर्क. 2004 मध्ये कायमच्या तेहरानला आल्या आणि ऐंशी ओलांडलेल्या वयात कारागिरांना घेऊन पुन्हा कामाला लागल्या. 2019 मध्ये गेल्या.

त्यांचं माध्यम आरसा. युरोपातून येणारे आरसे वाटेत फुटायचे आणि त्या तुकड्यांतूनच आईनाकारी, म्हणजे आरशाचे तुकडे जडवायची कला, वाढली असं सांगतात. शिराझच्या शाह चेराग दर्ग्यात छतापासून भिंतीपर्यंत तेच काम आहे. मुनीर तिथे पहिल्यांदा गेल्या तेव्हा बसून रडल्या होत्या. हे वाचून आम्ही गेलो आणि आत्याही रडली.

मी मुनीरची कामं 2015 मध्ये न्यूयॉर्कला गुगेनहाइम संग्रहालयात पाहिली होती. पांढऱ्या भिंती, भरपूर अंतर, आणि मनात सतत भूमिती: षटकोन, त्याचे त्रिकोण, मोजक्या साध्या आकारांवर थांबणाऱ्या अमेरिकन मिनिमलिझमशी नातं. मला ते फार आवडलं होतं. नेगारिस्तानातही मी तशीच उभी होते, कामाच्या बरोबर समोर, हात मागे, षटकोन मोजत.

शेजारी एक आजोबा आले, सोबत नात. ते समोर उभे राहिलेच नाहीत. थेट भिंतीशी गेले, गाल जवळजवळ भिंतीला टेकवला आणि कामाकडे कडेने बघू लागले. मग हवेतच नखाने एक रेघ ओढून नातीला काही दाखवलं. तिला इंग्रजी येत होतं. मी विचारलं, आजोबा काय बघतायत?

“सांधा,” ती म्हणाली. “ते आयुष्यभर हेच काम करत होते. दर्ग्यांमध्ये.”

मग पुढचा तासभर आम्ही चौघं एका कामापुढे. आजोबा बोलायचे, नात सांगायची, आत्या मान डोलवायची. आरसा पातळ हवा, नाहीतर तिरपा कापताना कड झडते. पट्टी धरून हिऱ्याच्या कलमाने एकच ओरखडा काढायचा; दुसऱ्यांदा फिरवलं की तुकडा गेला. खाली प्लास्टर ओलं असतं, ते धरायच्या आत तुकडा बसवायचा आणि अंगठ्याने दाबायचा. दाब कमी पडला तर तुकडा वर राहतो, जास्त झाला तर प्लास्टर सांध्यातून वर येतं. त्यांनी मला कडेने बघायला लावलं. मी गाल भिंतीजवळ नेला तेव्हा दिसलं की सगळे तुकडे एका पातळीत नाहीत. काही केसभर कललेले आहेत, मुद्दाम. समोरून ते कळत नाही.

“आणि उभ्या राहू नका,” नातीने आजोबांचं सांगितलं. “चालत बघा.”

आम्ही चाललो. त्या कललेल्या तुकड्यांनी खिडकी उचलली, मग आत्याची निळी ओढणी, मग पुन्हा खिडकी, आणि सगळं काम पाण्यासारखं हललं. दर्ग्यात माणसं सतत हलत असतात, येतात, वाकतात, वळतात. हे काम त्या हलण्यासाठीच केलेलं. मी न्यूयॉर्कमध्ये त्याच्यापुढे खांबासारखी उभी राहून षटकोन मोजले होते, आणि मला कुणी, कुठल्याही पाटीने, चाला म्हणून सांगितलं नव्हतं.

मुनीर यांच्यासोबत वर्षानुवर्षं काम केलेल्या कारागिराचं नाव हाजी उस्ताद मोहम्मद नवीद. षटकोन मुनीर यांनी आखला, नवीद यांनी कापला आणि बसवला. समकालीन कलेच्या पाट्यांची जगभरची रीत कलाकाराचं नाव, साल आणि ‘आरसा, प्लास्टर, लाकूड’ एवढ्यावर थांबते. मी आजोबांना विचारलं, तुमचं नाव कुठे आहे का? नातीने विचारलं. त्यांनी हात झटकला आणि आम्हाला चहाला चला म्हणाले. बागेतल्या कॅफेत पैसे देण्यावरून आत्या आणि आजोबा यांच्यात जी झटापट झाली ती लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही उपाहारगृहात शोभली असती. आजोबा जिंकले.

या कामांतली दहा तरी मुंबईत यावीत असं तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळतंय. जागाही मी मनात धरून ठेवलीय: राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, काळा घोड्याजवळचा कावसजी जहांगीर हॉल. तिथली दालनं अर्धगोल जिन्याने वर चढत जातात, माणूस आपोआप चालता राहतो, आणि सगळ्यात वर घुमट आहे. बघायला येणारी माणसंही तयार आहेत. कच्छी भरतकामातला आरसा ज्यांनी स्वतः बसवलाय अशा बायका याच शहरात आहेत, त्या सांध्याबद्दल मला चार गोष्टी शिकवतील. अडचण आहे ती विम्याची. इराणवरच्या आर्थिक निर्बंधांमुळे तिथून निघणाऱ्या कामाचा विमा उतरवायला आणि त्याचे पैसे पोचवायला कुणी सहजी तयार होत नाही. माझ्या ओळखीच्या दोन-तीन माल पाठवणाऱ्यांनी नकारच दिला. पण मुनीर यांची कितीतरी कामं युरोप-अमेरिकेतल्या संग्रहांत आहेत, ती आणायला निर्बंध आड येत नाहीत. सुरुवात तिथून करता येईल. कुणाला यात हात घालायचा असेल तर मला कळवा. पाट्या मी लिहीन, आणि पहिल्याच पाटीवर उस्ताद नवीद यांचं नाव असेल.