सकाळी मूठ वळेपर्यंत

माझा आमवात ओळखला जाण्याआधी सात महिने मी तो अंगावर काढला, आणि ते सात महिने मला आजही सलतात. सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटे इतकी आखडलेली असत की दात घासण्याचा ब्रश धरण्याइतकी मूठसुद्धा वळत नसे; मी तो दोन्ही तळव्यांमध्ये दाबून धरत असे आणि हाताऐवजी मान हलवून दात घासत असे. दहाच्या सुमारास हात मोकळे होत, मी कामाला लागे आणि सकाळची अडचण विसरून जाई. फारच ठणका लागला तर वेदनाशामक गोळी घेऊन दिवस निभावून नेई. वय 46 होते, तेव्हा 'आता वय झाले' हे कारण मला पुरेसे वाटले.

शेवटी डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी कुठे दुखते हे विचारण्याआधी एक वेगळाच प्रश्न विचारला : सकाळी सांधे मोकळे व्हायला किती वेळ लागतो? या एका प्रश्नाचे महत्त्व मला तेव्हा कळले नाही. सांध्यांची झीज झाली असेल तर सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत जातो आणि दुखणे हालचालीने वाढून विश्रांतीने कमी होते. आमवातात याच्या उलट घडते. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते, त्या अस्तराला सूज येते आणि ताठरपणा तासभर किंवा त्याहूनही अधिक टिकतो. विश्रांतीने तो वाढतो, हालचालीने सैल होतो. माझ्या बाबतीत दोन्ही मनगटे आणि दोन्ही हातांच्या बोटांची मुळे सारखीच सुजली होती, तर नखांजवळची पेरे मात्र ठीक होती. झिजेमुळे येणाऱ्या गाठी नेमक्या त्या टोकाच्या पेरांवर दिसतात. डॉक्टरांनी माझ्या हाताची चार बोटे मुळाशी आडवी धरून हलकेच दाबली, आणि मी खुर्चीतून अर्धी उठले.

रक्ततपासणी आवश्यकच असते, पण ती एकटी निकाल देत नाही. आमवात असूनही काही रुग्णांच्या रक्तात संबंधित घटक सापडत नाहीत, म्हणून अहवाल 'निगेटिव्ह' आला तरी सूज आणि ताठरपणा कायम असेल तर संधिवाततज्ज्ञांना दाखवावेच. एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि सोबत ताप असला, तर तो सांध्यातील जंतुसंसर्ग असू शकतो. तिथे दुसऱ्या दिवसाची वाट पाहणेही धोक्याचे आहे.

वेदनाशामक गोळीने माझे दुखणे दबले, पण आतील सूज सांध्याचे हाड आणि कूर्चा खातच राहिली. एकदा झालेली ती हानी भरून येत नाही. म्हणूनच पहिल्या काही महिन्यांतच आजाराला आवर घालणारे औषध सुरू होण्याला एवढे महत्त्व आहे. मला मेथोट्रेक्सेट दिले गेले. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि चुकून रोज घेतले गेल्यास जिवावर बेतू शकते, म्हणून मी कॅलेंडरवर दर बुधवारी लाल खूण करते आणि गोळी घेतल्यावर त्या खुणेवर काट मारते. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. या काळात धीर सुटून अनेक जण औषध सोडतात, आणि ते पाहून मला फार वाईट वाटते. यकृत आणि रक्तपेशींची ठरावीक अंतराने होणारी तपासणीही टाळू नये.

बाकीचे बरेचसे आपल्याच हातात असते. आखडलेल्या सांध्याला ऊब बरी वाटते, तर सुजून गरम झालेल्या सांध्याला गार शेक. मी सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून, पाण्यातच दहा वेळा बोटे उघडते आणि मिटते. सूज भडकलेली असेल त्या दिवशी सांध्याला विसावा द्यावा; एरवी व्यायाम सोडू नये, कारण स्नायू दुबळे झाले की सगळा भार सांध्यावर येतो. गुडघ्याची झीज असलेल्यांनी मांडीच्या पुढच्या स्नायूंकडे विशेष लक्ष द्यावे. वजन जास्त असेल तर ते एक किलो उतरल्यावर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. धूम्रपानाने आमवात बळावतो आणि औषधांचा गुणही कमी येतो. थकव्याबद्दल मात्र घरच्यांशी मोकळेपणाने बोलावे लागते, कारण सूज दिसते, थकवा दिसत नाही, आणि तो आळस नसून आजाराचाच भाग आहे.

उशाशी एक छोटी वही असते. रोज सकाळी मूठ पूर्ण वळेपर्यंत किती मिनिटे लागली, एवढेच मी त्यात लिहिते आणि तपासणीला जाताना ती सोबत नेते. पहिल्या पानावर 90 हा आकडा आहे. काल 15 लिहिले, आणि ब्रश एका हातात धरला.