'बरोबर' कसे वाचायचे?

मंगळवार, १९ ऑगस्ट

आज दुपारी प्रथम वर्षाच्या पहिल्या बॅचचे सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे प्रॅक्टिकल होते. पावसामुळे वीसपैकी चौदाच मुले आली होती, त्यामुळे प्रत्येकाच्या खुर्चीमागे उभे राहून काय चालले आहे ते पाहायला वेळ मिळाला. एरवी "मॅडम, एरर येतोय" अशी हाक जिथून येईल तिकडे धावण्यातच दोन तास संपतात. प्रोग्रॅम नेहमीचाच होता. ए आणि बी ही दोन व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवायच्या नाव दिलेल्या जागा; ए मध्ये ५ आणि बी मध्ये ७ असताना दोन्ही किमतींची अदलाबदल करायची. मागच्या बाकावरच्या एका मुलीने 'ए = बी;' आणि त्याखाली 'बी = ए;' अशा दोन ओळी लिहिल्या होत्या, आणि पडद्यावर दोन्हीकडे ७ आले होते.

ही चूक दरवर्षी निम्मी मुले करतात, त्यामुळे मी जवळजवळ सवयीनेच तिसरे व्हेरिएबल घ्यायला सांगणार होते. त्याआधी केवळ वेळ हाताशी होता म्हणून विचारले, "या दोन ओळी मला मोठ्याने वाचून दाखव." ती म्हणाली, "ए बरोबर बी. बी बरोबर ए." मग स्वतःच पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "दोन्ही बरोबर तर झालेत, मॅडम."

मला क्षणभर हसू आले आणि लगेच लक्षात आले की तिच्या वाचनात चूक काढायला जागाच नाही. पहिलीपासून तिने 'दोन अधिक दोन बरोबर चार' असेच म्हटले आहे. गणितात ए = बी लिहिले काय आणि बी = ए लिहिले काय, विधान एकच असते; तिने तीच गोष्ट दोनदा सांगितली, आणि यंत्राने दोन्ही किमती खरोखरच समान करून दिल्या. तिच्या शेजारच्या मुलाने तर '५ = ए' असे लिहिले होते आणि डावी बाजू चालत नाही असा काहीतरी संदेश आल्यामुळे तो गोंधळून बसला होता. त्याचे म्हणणे असे, की ए = ५ चालते तर ५ = ए का चालू नये? शाळेच्या गणितात या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तिथे ते चालतेच.

मुळात दोष त्या चिन्हाचा आहे, निदान माझे आज तसे मत झाले. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ मध्ये दोन समांतर रेषांचे हे चिन्ह आपल्या पुस्तकात वापरले, आणि याहून अधिक सारख्या अशा दोन वस्तू असूच शकत नाहीत असे कारण दिले. त्यानंतर चारशे वर्षांनी फोरट्रान भाषेने हेच चिन्ह 'किंमत साठव' या अर्थाने घेतले, म्हणजे जे चिन्ह समानता सांगायला जन्मले त्याच्यावर आज्ञा देण्याचे काम सोपवले. अल्गोल भाषेने कोलन आणि बरोबर असे जोडचिन्ह करून हा घोटाळा टाळला, पास्कलनेही तेच केले. पण सी भाषेची पूर्वज असलेल्या बी या भाषेत केन थॉम्प्सन यांनी पुन्हा एकटे 'बरोबर' आणले आणि तुलनेसाठी दुहेरी ठेवले. किंमत साठवण्याचे काम प्रोग्रॅममध्ये तुलनेच्या साधारण दुप्पट वेळा येते, तेव्हा त्याचे चिन्ह निम्म्या लांबीचे असणे योग्यच, असा त्यांचा युक्तिवाद होता. टंकणाऱ्याचे श्रम वाचवणारा हा हिशेब चोख आहे. पहिल्यांदा शिकणारे मूल मात्र त्या हिशेबात कुठेच धरलेले नाही. मी स्वतः पास्कलवर शिकले, त्यामुळे या दगडाला मला कधी ठेच लागली नाही, आणि अठरा वर्षे शिकवूनही तो दगड मला दिसला नाही याचे हेही एक कारण असावे.

फळ्यापाशी जाऊन मी माझे जुने उदाहरण काढले: एका पेल्यात दूध, दुसऱ्यात ताक, अदलाबदल करायची तर तिसरा रिकामा पेला हवा. दरवर्षी या उदाहरणावर माना डोलतात. आज पुढच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "मग बी मधलं ए मध्ये ओतल्यावर बी रिकामा का होत नाही?" प्रश्न अगदी रास्त होता आणि माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते. पेल्याचे उदाहरण तिसरा पेला लागतो एवढेच सांगते, आणि तेही चुकीच्या कारणाने. किंमत ओतली जात नाही, तिची प्रत निघते, आणि जिथे ती प्रत जाते तिथले आधीचे सगळे पुसले जाते, ही मुख्य गोष्ट त्यात उलटीच दिसते. हे मी फळ्यावर चौकोन काढून आणि डस्टरने पुसून दाखवू लागले, तोच कोणीतरी म्हणाले, "म्हणजे झेरॉक्स काढून ठेवायची आणि आधीचा कागद फाडायचा." याहून चांगले मला सुचले नसते. आता दूध आणि ताक कायमचे बंद.

त्यानंतर जे झाले ते लिहून ठेवावे म्हणूनच आज वही उघडली. मी त्या मुलीला म्हटले, "या चिन्हाला 'बरोबर' म्हणूच नकोस. यंत्राला काय करायला सांगते आहेस ते मराठीत सांग." तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "बी ची किंमत ए मध्ये ठेव." वाक्य साधे आहे, पण त्याचा क्रम पाहावा: आधी बी ची किंमत, मग ए ची जागा, शेवटी 'ठेव'. यंत्र नेमके याच क्रमाने काम करते. उजवीकडचे आधी काढते, मग ते डावीकडच्या जागी नेऊन ठेवते. ओळ कागदावर डावीकडून उजवीकडे लिहिलेली असली तरी आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्यामुळे मराठीत ती बोलताना आपोआप कामाच्या क्रमाने बोलली जाते. वर्गात मी मात्र इतकी वर्षे 'ए इक्वल्स बी' असेच म्हणत आले आहे, कारण पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी, आणि मराठीत समजावणे म्हणजे थोडे खाली उतरणे अशी एक समजूत आमच्या स्टाफरूममध्ये न बोलता मुरलेली आहे.

मग 'एक्स = एक्स + १' ही ओळही आम्ही तशीच वाचली: एक्स मध्ये जे आहे त्यात एक मिळवून ते परत एक्स मध्येच ठेव. पहिल्या आठवड्यात याच ओळीवर दोन मुलांनी "हे समीकरण अशक्य आहे" अशी तक्रार केली होती आणि मी "इथे ते तसं चालतं" एवढे म्हणून पुढे गेले होते. ते उत्तर आठवून आज जरा ओशाळल्यासारखे झाले.

शेवटच्या अर्ध्या तासात त्या मुलीने कागदावर ड्राय रन केला, म्हणजे यंत्राशिवाय प्रोग्रॅम ओळीओळीने हाताने चालवून पाहिला. तीन रकाने आखले, प्रत्येक ओळीनंतर कोणत्या रकान्यात काय आहे ते लिहिले, आणि बदललेली किंमत न खोडता तिच्यावर फक्त एक आडवी रेघ मारली, त्यामुळे ५ कुठे नाहीसा होतो ते स्पष्ट दिसत होते. तिसरे व्हेरिएबल तिने स्वतःच घेतले. एका हुशार मुलाने बेरीज-वजाबाकी करून तिसऱ्याशिवायही अदलाबदल करून दाखवली; मुलाखतीत विचारतात म्हणे. मला तो प्रकार फारसा आवडत नाही, मोठ्या संख्यांची बेरीज इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकासाठी ठरवून दिलेल्या जागेत, मावत नाही हे त्याला सांगितले, पण त्याचा उत्साह मोडला नाही.

जर्नलमध्ये उद्देश, प्रोग्रॅम आणि आउटपुट एवढेच रकाने असतात, ड्राय रनला जागा नसते. तिचा तो कागद मी स्टेपल करून घेतला आणि त्यावरच सही केली. तपासणीला बाहेरून येणाऱ्यांनी विचारले तर पाहू.

जाता जाता एकाने पुढच्या प्रॅक्टिकलचा प्रोग्रॅम आधीच करून आणलेला दाखवला. गुण ३५ असतील तर 'काठावर पास' छापायचे होते आणि त्याने अटीत एकेरी 'बरोबर' लिहिले होते. ९१ दिले तरी काठावर पास, १२ दिले तरी काठावर पास. कारण अट तपासण्याऐवजी त्याने गुणांच्या जागी ३५ ठेवले होते, आणि शून्य नसलेले काहीही सी भाषेला खरेच वाटते. त्याला मी ती ओळ मराठीत वाचायला सांगितली. "गुण मध्ये ३५ ठेव," असे वाचून तो थांबला आणि म्हणाला, "पण मला तर विचारायचं होतं, ठेवायचं नव्हतं." दुहेरी चिन्ह 'आहे का?' असे वाचायचे, हे मग त्यानेच ठरवले. उद्या दुसऱ्या बॅचला हेच प्रॅक्टिकल आहे.