मोहरीचा पाला बाजारासाठी: हिशेब मेथीचा धरा, तेलबीचा नको

थंडी पडली की पुणे, ठाणे, नवी मुंबईतल्या भाजीबाजारात सरसोंच्या, म्हणजे मोहरीच्या, पाल्याला गिऱ्हाईक येतं. घेणारे बहुतेक पंजाबी आणि उत्तरेकडची कुटुंबं, ढाबेवाले आणि हॉटेलं. आपल्याकडे मोहरी म्हणजे दाण्याचं पीक, त्यामुळे पाला काढायचा तरी पेरणी, अंतर, खत सगळं तेलबीसारखंच केलं जातं. मग पानं छोटी, देठ दोरासारखा आणि महिनाभरात फुलं. पाल्यासाठी मोहरी लावायची तर तिला मेथी-कोथिंबिरीसारखी पालेभाजी समजा: थोडं क्षेत्र, टप्प्याटप्प्याने पेरणी, लवकर काढणी.

बियाण्यात पहिली चूक होते. किराणा दुकानातली मोहरी पेरली की उगवते छान, पण आपल्या उबदार हिवाळ्यात तिला पान वाढवायला वेळच मिळत नाही, कळी लवकर धरते. रुंद पानाचं, भाजीसाठीचं बियाणं मागा. भारतीय कृषी संशोधन संस्थेचं ‘पुसा साग-१’ हे त्यातलं एक. दुकानदाराने तेलबीचंच बियाणं पुढे केलं तर पिशवीवरचं पीक आणि वाण वाचून परत द्या. गुंठ्याला ४० ग्रॅम बी ओळीत पेरायला पुरतं, फेकून पेरलं तर ५०. बी बारीक असल्यामुळे चौपट कोरड्या वाळूत मिसळा, नाहीतर एका जागी झुबका आणि पुढे हातभर मोकळं, असं होतं.

जमीन मध्यम, निचऱ्याची. कोबी-फ्लॉवर नुकताच निघालेल्या रानात लावू नका, कारण चौकोनी ठिपक्याचा पतंग ही कीड आणि घाण्या रोग (पान काळं पडून कुजणं) तिथे आधीच बसलेले असतात. गुंठ्याला २५० किलो कुजलेलं शेणखत मिसळून ९० सेंटिमीटर माथ्याचे गादीवाफे करा. आधी ओलवून घ्या आणि वाफसा आल्यावर २० सेंटिमीटरवर काकऱ्या पाडून दीड सेंटिमीटर खोल पेरा. काळ्या रानात पेरल्यावर भरपूर पाणी सोडलं की वर पापडी धरते आणि कोंब खालीच वाकडा होतो. चार-पाच दिवसांत उगवण दिसते. बाराव्या-पंधराव्या दिवशी ८ ते १० सेंटिमीटरवर विरळणी करा. उपटलेली कोवळी रोपं फेकू नका, तीही भाजीत जातात.

खताला डीएपी टाळून सिंगल सुपर फॉस्फेट घ्या. त्यात स्फुरदाबरोबर सुमारे ११ टक्के गंधक असतं आणि मोहरीचा तिखटपणा गंधकाच्या संयुगांतूनच येतो. गुंठ्याला अडीच किलो पेरणीआधी मातीत मिसळा. युरिया एकूण १.६ किलो: ६०० ग्रॅम पेरणीला, ६०० विरळणीनंतर, उरलेला पहिल्या कापणीनंतर. दुकानदाराच्या सांगण्यावरून युरिया ओतला तर पान गडद आणि मोठं दिसतं, पण मऊ पडतं, मावा ओढतं आणि जुडी रात्रीत पिवळी पडते. काढणीआधी दहा दिवस युरिया बंद. पाणी पाटाने असेल तर चार-पाच दिवसांनी द्या. ताण पडला की पान तिखटजाळ आणि चोथट होतं.

पेरणीच्या तारखा मात्र मागून मोजायच्या. लोहडी हा पंजाबी सण १३ जानेवारीला असतो, तेव्हा मागणी चढते. थंडीत पीक ३५ ते ४० दिवसांत काढणीला येतं, म्हणजे त्या बाजारासाठी ३ ते ५ डिसेंबरला बी मातीत हवं. एरवी ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत दर दहा दिवसांनी दोन-तीन गुंठे, इतकंच. एकरभर एकदम पेरणाऱ्याला तीन दिवसांत सगळा माल विकावा लागतो. जानेवारीत पेरलेलं पीक फेब्रुवारीच्या वाढत्या दिवसात आणि उन्हात कळीवर जातं. ते लावूच नये.

किडीही हंगामाप्रमाणे येतात. ऑक्टोबरच्या उन्हात उगवत्या रोपांवर पिसू भुंगेरे, दोन्ही बीजपत्रांना टाचणीएवढी भोकं. पहिले दहा-बारा दिवस वाफ्यावर बारीक कीटकरोधक जाळी टाकली तर बहुतेक त्रास तिथेच थांबतो. त्याच दिवसांत पेंटेड बग (रंगीत ढेकूण) पानाचा रस शोषून पांढरट डाग पाडतो आणि रोप मलूल होतं. जुन्या पिकाचे अवशेष हटवा. काळपट अळी, हात लागला की गुंडाळी करून खाली पडणारी, ती मोहरीच्या माशीची. सकाळी वेचा. खरा शत्रू मावा. ढगाळ हवा आली की डिसेंबर-जानेवारीत देठांवर आणि पानाखाली दाटतो, आणि मावा लागलेली जुडी धुऊनही कुणी घेत नाही. पिवळे चिकट सापळे आधीच लावा आणि पहिली वसाहत दिसताच ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे ५ किलो निंबोळी पूड १०० लिटर पाण्यात, फवारा. काढणीच्या पाच-सहा दिवस आधी फवारणी थांबवा, पानाला कडवट वास राहतो. मोहरी दाण्यासाठी सांगितलेली कीटकनाशकं पाल्यावर मारू नका, दोन-तीन आठवड्यांत ताटात जाणारी ही भाजी आहे. पानाखाली पांढरे फोड दिसले तर तो पांढरा तांबेरा. दाट पेरणी आणि संध्याकाळचं तुषार पाणी त्याला आमंत्रण देतात.

काढणी दोन प्रकारे. मुळासकट उपटली तर एकदाच पैसे. बाहेरची पानं कापून मधली पाच-सहा ठेवली तर दहा-बारा दिवसांनी दुसरी कापणी मिळते, पण मजुरी जास्त आणि दुसरा माल थोडा जाड. देठाची परीक्षा नखाने करा: कट्‌कन तुटला तर चालेल, दोरा निघाला तर बाजूला. बंद कळीचे कोवळे दांडे मात्र ठेवा. पंजाबी गिऱ्हाईक त्यांना गंदल म्हणतं आणि मुद्दाम मागतं. फूल उमललेले दांडे काढून टाका.

उत्पन्न मोजताना गुंठ्याला १०० किलोच धरा. त्याच्या ३५० ग्रॅमच्या साधारण २८० जुड्या होतात. दव सुकल्यावर किंवा दुपार टळल्यावर कापा आणि ढीग न करता क्रेटमध्ये उभ्या भरा, वर ओलं गोणपाट. ढिगात पानं स्वतःच्या उष्णतेने पिवळी पडतात. टोमॅटो किंवा पिकलेली केळी असलेल्या गाडीत भरू नका.

बाजार समितीत भाव शेकड्याने, म्हणजे शंभर जुड्यांवर, निघतो. सरसोंचा गिऱ्हाईक मोजका, त्यामुळे आवक जरा वाढली की भाव कोसळतो. पेरणीआधी दोन-तीन ढाबे किंवा भाजीवाल्यांशी आठवड्याचं प्रमाण ठरवा. ‘सरसों का साग’ या भाजीत मोहरीसोबत पालक आणि बथुआ पडतो, आणि बथुआ म्हणजे आपला चाकवत. तिन्ही शेजारच्या वाफ्यांत लावून एकत्र दिल्या तर खरेदीदाराची दुसरीकडची फेरी वाचते आणि त्याला मोहरीच्या भावात घासाघीस करायलाही कमी जागा राहते.